एका किल्लीची गाडी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आणि वर तूच मला म्हणतेस की मी राईचा पर्वत करतो! बरं, करतो. पण राई सांडली कुणी ते आधी सांग. फोनवर हा विषय काढला की तुझा आवाज तुटायला लागतो, दाजींना गिऱ्हाईक येतं आणि आईचं दूध उतू जातं. तिघांचंही नेमकं एकाच वेळी. म्हणून कागदावर विचारतो, कागदाचा आवाज तुटत नाही. गाडीची दुसरी किल्ली कुठं आहे?

अण्णांचं पत्र आलं म्हणून मला कळलं तरी. गाडी घेऊन वर्ष होत आलं, आणि दोन महिने ती अंगणात उभी आहे. किल्ली फिरवली की नुसती घरघरते, समोर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकतो आणि मेली गप्प बसते. शिवाय किल्ली म्हणे पहिल्यापासून एकच मिळालेली. एकच! गाडी बघायला दाजी गेले, मी पाठवलेले पैसे एजंटच्या हातात दाजींनी दिले, मग दुसरी किल्ली मागायला कोण जाणार होतं, शेजारी? शर्टाला एक बटण कमी पडलं तर आपले दाजी दुकानाची फरशी उकरतील. त्यांना गाडीला एक किल्ली कमी आहे हे दिसलं नाही?

मी इथं काय करतो ते तुम्हाला कुणाला नीट माहीत नाही, तर ऐक. जुन्या गाड्या विकायचं आवार आहे. गाड्या रांगेत लावायच्या आणि किल्ल्या सांभाळायच्या हे माझं काम. भिंतीवर दारापेक्षा मोठा फळा आहे, त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला तारेत ओवलेल्या दोन दोन किल्ल्या. एकच किल्ली घेऊन गाडी आली की मुकादम तोंड वाकडं करतो आणि ती मागं कुंपणाजवळ लावायला सांगतो. त्या रांगेला आम्ही विधुरांची रांग म्हणतो. तिथली गाडी निम्म्या भावातही कुणी शहाणा घेत नाही. कारण जी किल्ली आपल्याकडे नाही ती दुसऱ्या कुणाकडे तरी असते. तो एखाद्या दिवशी येतो, काच न फोडता गाडीत बसतो आणि निघून जातो. विमेवाले विचारतात, दोन्ही किल्ल्या दाखवा. काय दाखवणार, अंगठा?

आणि हल्लीची किल्ली म्हणजे नुसतं लोखंड नाही. तिच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. ती गाडीला ओळख देते, ओळख पटली तर इंजिन चालू होतं, नाही तर नुसती घरघर. याला इमोबिलायझर म्हणतात. त्या एजंटनं गाडीची जुनी खोड लपवून बिघडलेला माल आपल्या गळ्यात मारलाय, मी पैज लावतो. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, तसा सौदा केला तुम्ही.

अण्णांनी जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या हाकल्या. चार नोकऱ्या सोडल्या म्हणून तुम्ही मला भिंगरी म्हणता, पण या पाचवीत टिकलो तो फक्त त्यांना स्वतःच्या गाडीत बसलेलं बघायचं म्हणून. आणि ते काय बघतायत? लाल दिवा!

एजंटला मी वेगळं पत्र टाकलंय. त्यात काय लिहिलं ते इथं लिहीत नाही, तू वयानं मोठी आहेस.

राग माझ्यावर काढ, माया मात्र आवरू नकोस.
तुझा,
भिंगरी


ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या पत्रात ‘घरी सगळे कसे आहेत’ एवढं वाक्य शोधत शेवटपर्यंत गेले, ते काही सापडलं नाही. आई म्हणाली, किल्लीची केली तेवढी चौकशी माणसांची केली असती तर बरं झालं असतं. म्हणून न विचारता कळवते. आईचा गुडघा आहे तसाच आहे. ह्यांच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, रात्री उशिरापर्यंत मशीन चालू असतं. माझ्या ठमीच्या हनुवटीचे टाके कधीच निघाले, आता शाळेत चालत जाते, काळजी नको. अण्णा बरे आहेत.

गाडी उभी आहे तर राहू दे. ती काही खायला मागत नाही. ह्यांनी तिला उरलेल्या कापडाचं आच्छादन शिवलंय, दोन्ही आरशांना वेगळे खिसे काढून. अण्णा रोज ते काढतात, गाडी पुसतात, आत बसतात, किल्ली फिरवतात, आणि शिव्या देत पुन्हा झाकतात. शिव्या एजंटला असतात. तुझ्या पत्रानंतर त्यात भर पडली, कारण ते तू त्यांनाही वेगळं लिहिलंस ना, विधुरांच्या रांगेचं? आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतात.

दुसरी किल्ली जुन्या मालकाकडून हरवली असेल. लोकांची लेकरं जत्रेत हरवतात, किल्लीचं काय घेऊन बसलास. एजंटला पत्र टाकायला नको होतंस. आणि अण्णांना लिहिशील तेव्हा हा विषय काढू नकोस, त्यांची झोप उडते. गाडी विकून टाकू या असं मात्र लिही. तुझं ते ऐकतील.

जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि आमच्यावरचा जीव रागाच्या भरात कमी करू नकोस.
तुझी,
ताई


ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू म्हणालास ते अक्षर न् अक्षर खरं निघालं. मी त्या एजंटकडे जाऊन आलो. त्याच्या दुकानात उभं राहून, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं विचारलं की माझ्या मुलाच्या घामाच्या पैशात तू एक किल्ली खाल्लीस की नाही. तर तो म्हणतो, दोन दिल्या! चोराच्या उलट्या बोंबा. मी म्हटलं, कुणाला दिल्या? तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मनात पाप असलेला माणूस असाच बघतो.

आमच्या डेपोत ही भानगड कधी झाली नाही, कारण पद्धत होती. ड्युटी संपली की किल्ली खुंटीला अडकवायची नाही, टेबलावर टाकायची नाही. पुढच्या ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायचं, गाडी तुझी. तेवढ्या दोन शब्दांवर सगळा डेपो चालला, एक किल्ली कधी हरवली नाही. इथं एजंट जावयाला पाकिटात घालून देतो आणि जावई ते पाकीट न उघडता खिशात घालतो. जावयाला रागे भरता येत नाही म्हणून तुला लिहितो.

मी ओळखीचा मेकॅनिक आणला होता. तो म्हणाला, अण्णा, गाडी तुमची किल्ली ओळखत नाही. मला हसू आलं आणि संतापही आला. उभा जन्म गाड्यांनी मला ओळखलं. चढावर, पुरात, आंधळ्या धुक्यात ओळखलं. आणि ही एवढीशी टिनपाट मला ओळखत नाही! चांगली चालत होती, एक दिवस अचानक बंद पडली.

आता कंपनीच्या वर्कशॉपात नेऊन कॉम्प्युटरवर नवी किल्ली करून घ्यायची. ते चौदा हजार सांगतात. तेवढे पाठव. मग मी एजंटकडून वसूल करतो, पोलिसात जावं लागलं तरी जाईन. ठमी पायी शाळेत जाते ते मला बघवत नाही.

आईचे आशीर्वाद. आमची आठवण हातातल्या कामापेक्षा थोडी कमीच ठेव.
तुझे,
अण्णा


ता. १ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काल एजंट ह्यांच्या दुकानात आला होता, हातात तुझं पत्र घेऊन. गणवेश शिवायला आलेल्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर त्यानं ते वाचलं. ‘तुझ्या सात पिढ्या अनवाणी चालतील’ हे तू लिहिलंस? तो ओरडला नाही रे. डोळ्यांत पाणी आणून ह्यांना एवढंच म्हणाला की मी दोन्ही किल्ल्या तुमच्या हातात दिल्या होत्या, एकदा तरी अण्णांना सांगा. बाजारात माझ्याकडे कुणी येईनासं झालंय. हे खाली मान घालून मशीनचा दोरा ओवत राहिले. दोरा ओवलेलाच होता.

दोन किल्ल्या आल्या होत्या. दुसरी ह्यांनी पहिल्या दिवशीच दुकानात, बटणांच्या डब्यात जपून ठेवली आणि अण्णांना सांगायचं राहून गेलं.

डिसेंबरात अण्णा ठमीला शाळेतून आणत होते. सरळ रस्ता, गर्दी नाही, आणि गाडी जाऊन दवाखान्याच्या कुंपणाच्या भिंतीवर आदळली. ठमीची हनुवटी फुटली. अण्णांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की ब्रेक लागला नाही. रात्री ठमी माझ्या कुशीत म्हणाली, आजोबा डोळे उघडे ठेवून झोपले होते. डॉक्टरांनी तपासलं. अधूनमधून त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, ती कधी येईल ते सांगता येत नाही. गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं. अण्णा म्हणाले, या डॉक्टर पोराचं वय आहे त्याहून जास्त वर्षं मी स्टिअरिंग धरलंय. आणि बंपर दुरुस्त होऊन आल्या दिवशी सकाळी ठमीचं दप्तर घेऊन गाडीत जाऊन बसले.

काय करायचं होतं मी? आईनं समजावलं, मी पाया पडले, ऐकेनात. मग ह्यांनी किल्लीवाल्याकडून तशीच किल्ली पाडून घेतली, बिनचिपेची. नवी दिसू नये म्हणून फरशीवर घासून जुनी केली. अण्णा अंघोळीला गेले, त्यांचा शर्ट खुंटीला होता, तेव्हा खिशातली बदलली, ती खरीही त्याच डब्यात गेली. तिनं दार उघडतं, गाडी चालू होत नाही. अण्णा दाढीला गेले की हे घाईघाईनं येऊन खऱ्या किल्लीनं इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात, बॅटरी बसू नये म्हणून. चोरासारखे बसलेले असतात आत, बघवत नाही.

आता ते वर्कशॉपात जाणार. तिथं किल्ली हातात घेताच कळेल की तिच्यात चिपच नाही. म्हणून तुझ्याकडे पदर पसरते. तू त्या धंद्यातला. लिही की असल्या गाड्या दुरुस्त होत नाहीत, विकून टाका. एक खोटं बोल, ठमीसाठी.

आम्हाला बोल लाव, पण परकं करू नकोस.
तुझी,
ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही लिहिणार.

ठमीला टाके पडले, अण्णांनी भिंतीला धडक दिली, आणि मला काय कळवलं? काळजी नको! मी काय वाटसरू आहे? तुम्ही गाळून पाठवता, अण्णा गाळून पाठवतात, माझ्या वाट्याला नुसतं पाणी. आणि त्या पाण्यावर मी इथून एका भल्या माणसाच्या सात पिढ्या अनवाणी केल्या! एजंटला तोंड कसं दाखवू आता?

तू घाबरलीस हे मला कळतं. ठमी गाडीत होती ते वाक्य मीही चारदा वाचलं. गाडी थांबवलीस ते बरोबर केलंस. पण ताई, ड्रायव्हरच्या खिशातून किल्ली? त्याची पाठ फिरल्यावर? दुसऱ्या कुणाच्या घरात हे झालं असतं तर मी बोललो नसतो. आपण कुणाची पोरं आहोत? घासून जुनी केली म्हणे! दाजींना म्हणावं, एवढी कारागिरी गणवेशावर करा.

मी आजच अण्णांना सगळं लिहितोय. दाजींना सांग, दोन्ही खऱ्या किल्ल्या अण्णांच्या तळहातावर ठेवायच्या. पाकिटात नाही, टेबलावर नाही. मग जे होईल त्याला मी जबाबदार. तुला झोप लागणार नाही हे माहीत आहे. मलाही लागायची नाही.

भांडलो तरी तुझाच,
भिंगरी


ता. ९ मार्च

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या खिशात आहे ती किल्ली नाही. तो किल्लीच्या आकाराचा लोखंडाचा तुकडा आहे. एजंटनं दोन्ही किल्ल्या दिल्या होत्या, तो खरं बोलत होता, आणि तुम्ही आणि मी मिळून त्याची अब्रू घेतली. तुमची किल्ली घरातल्यांनी बदलली. का बदलली ते तुम्हाला माहीत आहे. गाडी ‘एक दिवस अचानक’ बंद पडली असं तुम्ही मला लिहिलंत. त्या वाक्यात दवाखान्याची भिंत कुठं गेली अण्णा? ठमी कुठं गेली?

चिडा. मीही चिडलोय. ताईवर चिडलोय की तिनं मागितली नाही, काढून घेतली. तुमच्यावर चिडलोय की तिनं मागितली असती तरी तुम्ही दिली नसती.

डेपोतल्या त्या साहेबाची गोष्ट तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलीत की त्याच्या चष्म्याची दोरीसुद्धा मला ठाऊक आहे. एक ड्रायव्हर तापानं फणफणून बाकड्यावर निजला होता, आणि साहेबानं त्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली. तुम्ही सगळा डेपो फाटकात उभा केलात. एक गाडी हलू दिली नाहीत, जोवर साहेबानं ती किल्ली परत त्या ड्रायव्हरच्या हातात ठेवली नाही. मग तुम्ही त्याच्याशेजारी बसलात आणि म्हणालात, तुझ्यानं आज होणार नाही, दे. आणि त्यानं दिली. तुम्ही नेहमी म्हणायचात की ड्रायव्हरची किल्ली काढून घेणारा चोर, आणि अंगात ताप असताना न देणारा त्याहून मोठा चोर. ती दुसरी ओळ तुम्ही हल्ली विसरलात.

दाजी दोन्ही खऱ्या किल्ल्या तुमच्या हातात देतील. मग तुमच्या मनात येईल ते करा, कुणी अडवणार नाही. चौदा हजार मी पाठवणार नाही, त्याची गरज नाही. मी फक्त तुमच्याशेजारी बसायला तिथं नाही. म्हणून इथून म्हणतो. तुमच्यानं आता होणार नाही अण्णा. द्या.

पायावर डोकं ठेवून,
तुमचा,
भिंगरी


ता. २२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं. बापाला असं लिहितात का? माझ्या बापाला मी असं लिहिलं असतं तर त्यांनी ते पत्र मला खायला लावलं असतं.

कुणाशी बोललो नाही. जेवलो, पण बोललो नाही. तुझी आई ताट वाढून भिंतीशी बोलायची, की भाजीत मीठ आहे का ते कुणी सांगेल काय. मग एजंटकडे गेलो. गिऱ्हाइकं होती, ती असताना गेलो. ज्यांच्यासमोर चोर म्हटलं तशांच्यासमोरच चुकलो म्हणायचं, नाही तर त्याला अर्थ नाही. त्यानं खुर्ची दिली. मी बसलो नाही. तू तुझं वेगळं लिही.

रविवारी जावयानं अंगणात येऊन दोन्ही किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या. त्यानं दोनदा मोजून दिल्या, मी एकदाच मोजल्या, हे ध्यानात ठेव. मी त्याच्या शिवणीचं आच्छादन काढलं. शिवण चांगली आहे, तसं त्याला सांगितलं. आत बसलो, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली. ओळखलं तिनं.

दारात तुझी आई, ताई, ठमी. कुणी पुढं आलं नाही. तू त्यांना तसं बजावलं असशील. मी गिअर टाकला, हळूहळू फाटकापर्यंत नेली. तिथं डाव्या बाजूला मला खांब दोन दिसले. डावीकडे खांब एकच आहे. तो मी माझ्या हातानं बांधलाय.

इंजिन बंद केलं. ताईला हाक मारली. किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, गाडी तुझी. तिला वाटलं मी रागानं बोलतोय, ती रडायला लागली. मग मात्र खरंच राग आला. म्हटलं, रडून क्लच दाबला जात नाही, बस आत. जावयाला शिकवणार नाही. तो शिलाई मशीनसारखा दोन्ही पाय एकदम हलवील. ताई रोज सकाळी शिकते. मी शेजारी बसतो. क्लच असा सोडते की दार आपटल्यासारखं वाटतं. मी ओरडतो, तीही ओरडते. ठमी मागं बसायचा हट्ट धरते, अजून बसू दिली नाही.

दुसरी किल्ली यासोबत तुला पाठवतो आहे. घासलेली नाही, खरी आहे. ड्युटी संपलेला माणूस ती पुढच्याच्या हातात देतो. तू लांब आहेस म्हणून पोस्टानं. गाडी तुझी. ताईलाही तेच म्हटलंय, तुम्ही दोघं भांडून घ्या.

तुझ्या त्या फळ्यावर एखादा खिळा रिकामा असेल.
तुझे,
अण्णा


ता. ४ एप्रिल

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

याला काय म्हणायचं? मी इथून बोंबलून बोंबलून सांगतोय की एका किल्लीची गाडी म्हणजे डोक्याला ताप, आणि तुम्ही दुसरी किल्ली उचलून पोस्टात टाकता! आता घरी राहिली किती? एक! ती ताईच्या हातात. तिनं तर चिंचोक्याएवढी कर्णफुलं तीनदा हरवलीत. उद्या ही हरवली तर गाडी काय खांद्यावर घेणार? पुन्हा विधुरांच्या रांगेत लावून दिलीत ना!

एजंटला पत्र लिहिलं. त्याच्या सात पिढ्यांना पायात जोडे घातले. पहिलं पत्र ज्यांच्यासमोर वाचलं त्या बायकांसमोर हेही वाचा असं सांगितलंय.

किल्ली फळ्यावर लावली नाही. फळा मालकाचा आहे. ती माझ्या खिशात असते आणि हात सारखा तिच्यावर जातो. परवा मुकादमानं बघितली, विचारलं की ही कुठल्या गाडीची. मी म्हटलं, माझ्या. जरा लांब लावलीय. तो म्हणाला की मग तू इथं कशाला राहतोस, सोडशील ही पण नोकरी. मी म्हटलं, नाही, गाडी बहीण चालवतेय.

ताईला म्हणावं, क्लच अंड्यावर पाय ठेवल्यासारखा सोडायचा. माझ्यावर ओरडताना तुम्ही हेच म्हणायचात. तिच्यावरही तसेच ओरडा, मोठ्यानं, इथं ऐकू आलं पाहिजे.

ही किल्ली मी परत पाठवणार नाही. तुम्ही हातात दिलीत, आणि ती पुढच्याला द्यायला माझी ड्युटी अजून संपलेली नाही.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर ठेवा, हवं तर टपली मारा.
तुमचा,
भिंगरी

ता. क. गाडी घेऊन वर्कशॉपात जा, ताईला चालवू द्या, आणि तिसरी किल्ली करून घ्या. चिप असलेली, तुमच्या डोळ्यांसमोर केलेली. ती तुमच्या खिशात ठेवा. चालवायला नाही, ठेवायला. तुमच्या खिशात त्या गाडीची खरी किल्ली नाही हे मला इथं बसून सहन होत नाही. तुम्ही मागितले तेव्हा नाही म्हणालो होतो. आज पाठवतोय, चौदा हजार.